बुट्टी, सूप, रोवळी: सीमाभागातल्या घरात बांबूच्या वस्तू टिकवायच्या कशा

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात नव्यानं संसार मांडणाऱ्यांच्या घरात बांबूची एखादी तरी वस्तू येतेच. लग्नात झालीच्या विधीसाठी आणलेली बुट्टी, म्हणजे टोपली, असते, गौरीला आणलेलं सूप असतं, सौंदत्तीच्या यल्लम्माची परडी असते, सासूबाईंनी दिलेली तांदूळ धुवायची रोवळी असते. पहिल्या पावसाळ्यात तिच्यावर पांढुरकी बुरशी चढते, पुढच्या उन्हाळ्यात तिच्याखाली पिवळसर पीठ सांडलेलं दिसतं. मग लोक म्हणतात, बांबूचं असंच असतं, चार दिवसांची वस्तू.

तसं अजिबात नाही. नीट सांभाळलेलं सूप वर्षानुवर्षं पाखडायला उपयोगी पडतं. बांबू भिजला तर चालतो. तो ओला राहिला, की बिघडतो. हे एवढं मनात ठेवलं तर खालची प्रत्येक पायरी का सांगितली आहे, ते आपोआप कळेल.

आधी हातात काय आहे ते ओळखा

बांबूच्या विणकामात दोन प्रकारच्या कामट्या, म्हणजे चिरलेल्या पातळ पट्ट्या, असतात. एक पाठीची, म्हणजे बांबूच्या बाहेरच्या सालीची. दुसरी पोटाची, म्हणजे आतल्या भागाची. पाठीच्या कामटीवर गुळगुळीत तकाकी असते, पाण्याचा थेंब टाकला तर तो घरंगळतो. बाहेरच्या सालीत सिलिका आणि मेणासारखा थर असतो, त्यामुळं तिच्यात पाणी लवकर शिरत नाही आणि किडाही तिला सहसा तोंड लावत नाही. पोटाची कामटी फिकट, मऊ, थोडी केसाळ. पाणी लगेच शोषते. बांबूतलं पिष्ट या आतल्या भागातच जास्त असतं, आणि कीड येते ती त्या पिष्टासाठी.

म्हणून घेतानाच विचारा, "मावशी, ही पाठीची की पोटाची?" विणणारी बाई एका शब्दात सांगेल. दोन्हींच्या भावात फरक असतो आणि तो योग्यच आहे. रोज भिजणारी रोवळी पाठीचीच घ्या. कांदे-बटाटे ठेवायला किंवा एकदाच्या कार्याला पोटाची बुट्टी पुरते. बऱ्याच वस्तूंत काठ आणि उभ्या कामट्या पाठीच्या, आडव्या पोटाच्या, असं मिश्र काम असतं. त्यात काही फसवणूक नाही, फक्त अशी वस्तू कुठं वापरायची ते ठरवून घ्या.

बांबूखेरीज आपल्या भागात आणखी काही विणकाम दिसतं. अथणी, चिक्कोडी, गोकाककडच्या कोरडवाहू रानात तुराट्यांच्या आणि निरगुडीच्या काड्यांची मोठी डालगी करतात. ती शेणखत, कणसं, कडबा यांसाठी. ती धुवायची नाहीत, आपटून झाडायची आणि छपराखाली उपडी ठेवायची. शिंदीच्या पानांच्या टोपल्या आणि दुकानात मिळणाऱ्या जलपर्णीच्या किंवा तागाच्या बास्केटी यांना पाण्यात घालू नका. कोरडा ब्रश आणि फार तर घट्ट पिळलेलं फडकं, एवढंच. वेताचं सामान त्यातल्या त्यात सोशिक आहे, अधूनमधून ओलसर फडक्यानं पुसलं तर त्याला उलट बरं वाटतं. अगदी कोरडं पडलं की वेत तडकतो. पुढचं सगळं बांबूबद्दल.

घरी आणल्या दिवशी

पहिलं काम कुसं, म्हणजे हाताला टोचणारे बारीक तंतू, काढण्याचं. नव्या बुट्टीवरून जाड फडकं फिरवा. जिथं धागा अडकेल तिथं कूस आहे. १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं ती जागा घासा, नेहमी कामटीच्या लांबीच्या दिशेनं. आडवं घासलं तर तंतू आणखी उठतात. जुन्या बायका अंगणात काकडा पेटवून त्याच्या ज्योतीवरून सूप झरकन फिरवतात. बारीक केस जळून जातात आणि सूप स्वच्छ होतं. हात बसलेला असेल तरच करा, आणि रंगवलेल्या किंवा वार्निश लावलेल्या वस्तूवर कधीच करू नका.

मग धुवा. कोमट पाणी, नारळाची शेंडी किंवा मऊ ब्रश, साबण लागलाच तर भांड्याच्या साबणाचे दोन थेंब. नवीन बुट्टीला हिरवट, कच्चा वास येत असेल तर ती दोन दिवस साध्या पाण्यात बुडवून ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ पाणी बदला. बुरूड मंडळी अख्खा बांबू ओढ्यात किंवा तळ्यात बुडवून ठेवतात त्याचंही कारण हेच आहे: पाण्यात पिष्ट निघून जातं आणि किड्याला खायला कमी उरतं.

मिठाच्या पाण्यात बुडवा असा सल्ला तुम्हाला मिळेल. मी तो देणार नाही. मीठ हवेतला ओलावा ओढून धरतं, आणि आपल्याकडच्या आषाढात खारवलेली बुट्टी महिनाभर चिकट राहते.

धुतल्यावर एक दिवस कोवळं ऊन, मग दोन दिवस सावलीतला वारा. दुपारच्या कडक उन्हात ओली बुट्टी ठेवली तर बाहेरची बाजू पटकन आकसते, आत ओल राहते आणि काठाजवळ कामट्या उलतात. सकाळी दहापर्यंतचं ऊन चांगलं.

रंगीत परड्यांबद्दल एक सूचना. बाजारात राणी रंगाच्या आणि हिरव्या पट्ट्यांच्या परड्या फार देखण्या असतात. तो रंग ओला झाला की सुटतो. फुलं, विड्याची पानं, सजावट यांसाठी त्या वापरा; भाकरी, भात, कापलेली फळं त्यात ठेवू नका. आणि धुऊ नका, नुसत्या झटका.

सारवण: हे वर्षातून एकदा करायचंच

सुपाला आणि धान्याच्या बुट्टीला सारवणं हे मला या सगळ्यातलं सर्वांत मोलाचं काम वाटतं, आणि नव्या घरांतून तेच हरवत चाललं आहे. सारवणानं विणीतली भोकं बुजतात, बारीक रवा-कण्या गळत नाहीत, पोटाच्या उघड्या कामट्या झाकल्या जातात. गावाकडं शेणानं सारवतात. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी कागद आणि मेथीचा लगदा जास्त सोयीचा.

करायचं असं. मुलांच्या जुन्या वह्यांचे कागद घ्या, शक्यतो कोरे. वर्तमानपत्र पूर्वी सर्रास वापरायचे, पण छपाईची शाई धान्याजवळ नको. कागद फाडून दोन दिवस पाण्यात भिजवा, पाणी काढून टाका, मग हातानं किंवा मिक्सरमध्ये मऊ लगदा करा. दुसरीकडं मेथीदाणे रात्रभर भिजवून सकाळी गंधासारखे बारीक वाटा. एका सुपासाठी चार-पाच वह्यांचा कागद आणि दोन मुठी मेथी पुरते. दोन्ही एकत्र करून कणकेसारखं मळा.

मेथीच का? भिजलेल्या मेथीत डिंकासारखा चिकट पदार्थ असतो, तो वाळला की कागदाला कामट्यांशी घट्ट धरून ठेवतो. शिवाय तिच्या कडवटपणामुळं धान्यातले किडे त्या थराच्या फारसे नादी लागत नाहीत. डिंक किंवा फेव्हिकॉल घालायची गरज नाही. धान्याच्या वस्तूत तर घालूच नका.

सूप आधी घासून, ओलं फडकं फिरवून घ्या. अगदी कोरड्या कामटीवर लगदा धरत नाही. मग तळहातानं आतून पातळ थर द्या, विणीच्या खाचांत दाबून बसवा. पातळ म्हणजे खालची वीण अंधूक दिसेल इतका. जाड थर वाळताना भेगाळतो आणि पापुद्रे सुटतात. एक दिवस वाळू द्या, मग बाहेरून. दोन्ही बाजू खडखडीत वाळायला उन्हाळ्यात दोन-तीन दिवस लागतात. बोटानं टिचकी मारा. वाळलेलं सूप वाजतं.

हे काम होळीनंतर आणि वळवाच्या आधी. एकदा का खानापूर-जांबोटीकडून ढग यायला लागले की सारवायला घेऊ नका. न वाळलेला लगदा म्हणजे बुरशीला आयतं जेवण. सारवलेलं सूप पुन्हा कधी धुवायचं नाही, कोरड्या कुंच्यानं झाडायचं. रोवळीला सारवण नसतं, तिचं कामच पाणी गाळण्याचं आहे.

रोजचा वापर

रोवळीत तांदूळ धुतल्यावर ती सिंकमध्ये पडून राहते, आणि रोवळ्या खराब होण्याचं सर्वांत मोठं कारण हेच. तांदळाच्या धुवणात पिष्ट असतं, ते विणीत वाळतं, त्यावर काळे ठिपके येतात. वापरून झाली की लगेच भरपूर पाण्याखाली धरा, उलट्या बाजूनंही पाणी सोडा, दोनदा जोरात झटका आणि खिळ्याला टांगा. ओट्यावर उपडी घालू नका, तिथं खालून वारा लागत नाही. आठवड्यातून एकदा तिच्यावर कढत पाणी ओता.

भाकरीच्या बुट्टीत गरम भाकरी थेट टाकू नका. खाली सुती फडकं, वर फडकं, आणि पहिली वाफ ताटात जाऊ द्यायची. फडकं रोज बदला. बुट्टीला तेलाचा किंवा तुपाचा हात लागला तर लगेच कोरडं बेसन चोळून झटका, तेल निघून येतं. कांद्याची बुट्टी महिन्यातून एकदा रिकामी करून झाडा; तळाशी एक सडका कांदा राहिला की त्याचा रस कामट्यांत मुरतो आणि तो वास मग जात नाही.

बुट्टीला खोबरेल किंवा गोडेतेल लावून चकचकीत करायची एक पद्धत आहे. दिसायला छान, पण ही तेलं कधी वाळत नाहीत. त्यावर धूळ बसते, ती चिकट होते, मग खवट वास येतो. फक्त शोभेच्या वस्तूला चमक हवी असेल तर जवसाचं तेल अगदी पातळ पुसा, कारण ते हवेत वाळून घट्ट होतं. पुसलेलं फडकं मात्र चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाचं फडकं वाळताना आपोआप तापतं आणि पेट घेऊ शकतं. ते पाण्यात भिजवून मगच टाका.

पावसाळा

आपल्या भागाची गंमत अशी की पन्नास-शंभर किलोमीटरवर हवा पूर्ण बदलते. अथणीकडं वर्षाचा पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आसपास, तर घाटमाथ्यावरच्या कणकुंबीला तो तीन हजारांच्या वर जातो. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर, मधल्या पट्ट्यात. इथं जुलै-ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही आणि भिंतींना ओल येते. त्यामुळं अथणीच्या आजीचा सल्ला जांबोटीच्या सुनेला लागू पडेलच असं नाही. अथणीत बुट्टी कोरडी पडून तडकणार नाही ना ते बघावं लागतं, जांबोटीत बुरशी येणार नाही ना ते.

पूर्वी हा प्रश्न चूल सोडवायची. सुपं, बुट्ट्या चुलीच्या वर आढ्याला टांगलेल्या असत. धुरानं त्या तांबूस-काळ्या पडत, पण ऊब सतत राहायची आणि धुराचा थर बसलेल्या कामटीला किडा लागत नसे. आज ज्यांच्याकडं न्हाणीघरात बंब किंवा चूल आहे, त्यांनी पावसाळ्याचे तीन महिने बुट्ट्या तिथल्या माळ्यावर ठेवाव्यात, फक्त वाफेच्या थेट वाटेत नको. फ्लॅटमध्ये फ्रिजच्या बाहेर, त्याच्या डोक्यावर, मागच्या गरम हवेजवळ, भिंतीपासून चार बोटं अंतर सोडून ठेवा. कपाटात बंद करू नका. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळणं तर सर्वांत वाईट, आतला ओलावा आतच राहतो. झाकायचंच असेल तर जुनं धोतर किंवा सुती साडी.

बुट्ट्या एकात एक घालून ठेवायची सवय आपल्या सगळ्यांना आहे. पावसाळ्यात त्यांच्यामध्ये एकेक चुरगाळलेला कागद घाला आणि आठ दिवसांनी तो बदला. कागद ओलसर लागला तर जागा चुकली आहे असं समजा.

एवढं करूनही बुरशी आली तर घाबरू नका. पांढरी किंवा हिरवट भुरी असेल तर वस्तू वाचते. आधी घराबाहेर न्या, नाकातोंडावर फडकं बांधा, कोरड्या ब्रशनं झाडा. घरात झाडलं तर ती भुरी उडून दुसऱ्या बुट्टीवर बसते. मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन फडकं त्यात पिळून पुसा. भिजवू नका. त्यानंतर पंख्याखाली रात्रभर, आणि ऊन पडेल त्या दिवशी दोन-तीन तास उन्हात. ब्लीचिंग पावडर वापरू नका, तिनं डाग जातो पण कामटीचे तंतू कुजके होतात आणि रंग पांढराफटक पडतो. काळे ठिपके आत मुरलेले असतील तर ते पुसून जाणार नाहीत. वास गेला आणि कामटी कडक असली तर ती बुट्टी कपड्यांच्या चिमट्यांना वापरा, अन्नाला नको.

खाली पीठ दिसलं तर

बुट्टी उचलल्यावर जमिनीवर मऊ, पिवळसर पीठ दिसलं आणि कामटीवर टाचणीच्या टोकाएवढी गोल भोकं असली, तर भुंगा लागला आहे. तो तीनेक मिलिमीटरचा, तपकिरी-काळा. अळी आतून पिष्ट खाते आणि तिचा भुंगा झाला की तो भोक पाडून बाहेर येतो. म्हणजे भोक दिसतं तेव्हा एक पिढी जेवून गेलेली असते, आणि दुसरी आत असू शकते.

ती बुट्टी लगेच बाकीच्यांपासून दूर न्या. मग ऋतू बघून उपाय करा. मार्च ते मेमध्ये असेल तर काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दुपारी बारा ते तीन गच्चीवर ठेवा, लागोपाठ तीन दिवस. आतली उष्णता इतकी वाढते की अळ्या मरतात. कीड मारण्यापुरताच बांबू प्लास्टिकमध्ये घालायचा. थंडी-पावसात छोटी परडी असेल तर पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा; बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण दिवस उघडू नका, नाहीतर गार कामट्यांवर पाणी साचतं.

शोभेच्या वस्तूला टाकणखार (बोरॅक्स) आणि बोरिक पावडरचं पाणी लावता येतं: एक लिटर कोमट पाण्यात ३० ग्रॅम टाकणखार, २० ग्रॅम बोरिक. ब्रशनं पोटाच्या बाजूला दोन हात द्या आणि वाळवा. ज्यात अन्न, धान्य, मुलांची खेळणी किंवा कोंबड्यांचा दाणा जातो त्याला हे लावायचं नाही. रॉकेलही नाही. कडुलिंबाचा पाला बुट्टीत ठेवतात तो ठीक आहे, नवा किडा जरा दूर राहतो, पण आत शिरलेली अळी त्यानं मरत नाही. पाला ठेवून निश्चिंत राहू नका.

महिन्याभरानं बुट्टी पांढऱ्या कागदावर ठेवून टिचक्या मारा. पीठ पडलं नाही तर ती सुटली.

डागडुजी

बुट्टी एका बाजूला बसली असेल तर ती सरळ करणं सोपं आहे. ओलं फडकं गुंडाळून अर्धा तास ठेवा, कामट्या मऊ झाल्या की हातानं आकार द्या, आत जुन्या कपड्यांचा बोळा ठासून भरा, काठाभोवती सुतळी बांधा आणि सावलीत वाळेपर्यंत हलवू नका. कोरडी असताना दाबली तर मोडते.

एखादी कामटी तुटली तर तेवढीच दुसरी घालता येते. नवी कामटी तासभर भिजवा, तुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना तीन-चार घरं जाईल इतकी लांब ठेवा, जुनीच्याच वाटेनं वर-खाली ओवा. तार वापरू नका, ती गंजते आणि आजूबाजूच्या कामट्या कापते.

काठ सुटला तर मात्र बुरुडाकडंच जा. काठ हा सगळ्या विणीला धरून ठेवतो, आणि तो ओढून बांधायला त्या हातांचंच कसब लागतं. हे काम आपल्या मातीत फार जुनं आहे. बाराव्या शतकात बसवण्णांच्या भोवती जमलेल्या शरणांमध्ये, म्हणजे शिवभक्तांमध्ये, मेदार केतय्या होते, बुट्ट्या विणून पोट भरणारे. काठ बांधून घ्यायचे पैसे विचारताना घासाघीस करू नये असं मला मनापासून वाटतं. बांबू फोडणं, सोलणं, तासणं यात त्यांचा अख्खा दिवस जातो, आणि दुरुस्तीची कामं येत राहिली तरच ही माणसं बाजारात बसत राहतील. मेच्या मध्यापर्यंत जा. पाऊस सुरू झाला की त्यांनाही कामट्या वाळवता येत नाहीत.

ज्या बुट्टीचं आयुष्य खरंच संपलं तिचं काय करायचं? यल्लम्माची परडी असेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, तिची रीत प्रत्येक घराची वेगळी असते. साध्या बुट्टीचा तळ गेला असेल तर तिच्यात पालापाचोळा आणि माती भरून आलं किंवा हळद लावा, दोन पावसाळ्यांत ती मातीला मिळते. भुंगा लागून पोकळ झालेली बुट्टी मात्र परसात टाकू नका आणि माळ्यावरही ठेवू नका. रंग-वार्निश नसेल तर त्याच दिवशी बंबात घाला.